पाळणा मंडळाचं वऱ्हाड

दीपमाला गावंडे तशी गरीब स्वभावाची बाई. रिक्षावाल्याने मीटरपेक्षा जास्त मागितले तर ती त्याच्याशी भांडायची नाही, नुसती बघत राहायची, आणि त्यालाच लाज वाटून तो सुटे परत करायचा. पण एका बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे, आणि ती बाब म्हणजे पाळणा मंडळ.

बिबवेवाडीत मंडळांना तोटा नाही. गणपतीचं आहे, भजनाचं आहे, ज्येष्ठांचं आहे आणि ज्येष्ठांच्या मंडळातून भांडून बाहेर पडलेल्या ज्येष्ठांचंही आहे. दीपमालाचं मंडळ मात्र आठ देशांत पसरलेलं होतं आणि त्याचं जागतिक कार्यालय तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, शिवणयंत्राच्या शेजारी होतं. सोसायटीतल्या लोकांना ते पाळणाघर वाटायचं. पोर किती वाजेपर्यंत ठेवता, असं विचारत महिन्याला एखादी बाई तरी दार वाजवायचीच.

झालं होतं असं. यवतमाळकडची दीपमाला लग्न होऊन पुण्यात आली आणि इथल्या एका शाळेत संगीत शिकवायला लागली. पंच्याण्णव साली तिला मुलगी झाली, शेफाली. ही शेफाली झोपायची नाही. दीपमालाने शिकलेले सगळे राग गाऊन पाहिले, पोर टक्क जागी. मग सासूबाई, दुर्गाबाई, गावाहून आल्या, त्यांनी पोरीला मांडीवर आडवं घेतलं आणि आपल्या फाटक्या आवाजात वऱ्हाडी अंगाई म्हटली. दुसऱ्या कडव्याला शेफाली गाढ. दीपमालाने ती अंगाई कॅसेटवर उतरवून घेतली, आणि तिच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. जगभरच्या आया पोरांना काय म्हणून झोपवत असतील?

नवरा संतोष सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याने तिला बद्रीनाथच्या सायबर कॅफेत नेऊन ईमेल शिकवली. बद्रीनाथने भिंतीवर पाटी लावली होती, 'जगाशी बोला, शेजारच्याशी नको.' तिथल्या डुगडुगत्या खुर्चीत बसून दीपमाला जगाशी बोलायला लागली. पहिलं उत्तर आलं ते पोर्तुगालमधून, लिस्बनच्या इनेस नावाच्या बाईचं. इनेसने आपल्या आईच्या आवाजातली कॅसेट पाठवली. मग केनियाची वांजिरू मिळाली, मग आर्मेनिया, मेक्सिको, इंडोनेशिया, फिनलंड, सेनेगल. कुठल्याही बोलीतली अंगाई म्हणणारं माणूस गेलं म्हणून ती अंगाई जाऊ द्यायची नाही, एवढंच या मंडळाचं ठरलं होतं. एकाने पाठवलेली कॅसेट बाकी सातांना जायची. प्रत्येक देशातल्या दोन-चार शाळा दुसऱ्यांच्या अंगाया शिकायच्या. फिनलंडची पोरं दुर्गाबाईंची अंगाई म्हणतात हे ऐकून दुर्गाबाई एवढंच म्हणाल्या, ''तिकडं थंडी हाय म्हणते. गोधडी घेऊन म्हणा म्हणावं.''

पाच वर्षं हे सगळं दीपमालाने एकटीने ओढलं. शाळा, स्वयंपाक, आणि उरलेल्या वेळात दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून कॅसेटच्या प्रती काढणं. प्रती निघत असताना घरात कुणी शिंकायचं नाही असा नियम होता. संतोषला हा नियम कळायला वर्ष लागलं.

आणि मग दोन हजारच्या दिवाळीत इनेसची मेल आली. लिस्बनच्या नगरपालिकेने मंडळासाठी दोन खोल्या, संगणक आणि एक पगारी सेक्रेटरी देऊ केली होती. तेव्हा कार्यालय तिकडे हलवावं, असं इनेसने सुचवलं होतं. सगळ्यांना एकाच वेळी मेल गेली होती आणि तिघांनी 'वा, वा' करून उत्तरंही पाठवली होती.

दीपमालाला ती मेल वाचून रडू आलं. राग आला म्हणून रडू आलं. हे माझं आहे, असं तिला वाटलं. इतकी वर्षं आपण न्हाऊ-माखू घातलं, आणि आता पोर चालायला लागल्यावर ह्या बाईला कडेवर घ्यायचंय! पण असं लिहिता येत नाही. तिने अतिशय सभ्यपणे लिहिलं, की आजवर आपण कुणीच कुणाला पाहिलेलं नाही. जानेवारीत सगळे पुण्याला या, समोरासमोर बसू आणि मत घेऊन ठरवू. सगळ्यांना ते पटलं.

आता मुद्दा एवढाच होता, की पुण्याने असा काही कार्यक्रम करून दाखवला पाहिजे की पाहुण्यांनी म्हणावं, कार्यालय हलवायची गरजच काय? दीपमाला कामाला लागली. स्वारगेटजवळच्या एका नीटनेटक्या लॉजमध्ये सात पाहुण्यांसाठी सात खोल्या ठरवल्या. शाळेचा हॉल मिळवला. छातीवर लावायच्या पट्ट्या छापल्या. मग निमंत्रणाची मेल लिहायला बसली. तारीख, ठिकाण, विमानतळावर घ्यायला गाडी येईल, कळावे. दुर्गाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. तिने त्यांना मराठीत वाचून दाखवली.

''हे काय वं?'' दुर्गाबाई म्हणाल्या. ''हे बलावणं हाय का बँकेची नोटीस?''

''का? काय राहिलं?''

''मानसाले असं एकटं बलावतेत का कोनी? लेकरंबाळं घेऊन या म्हन. म्हाताऱ्याकोताऱ्यायले आना म्हन. नाहीतं त्यायले वाटन, यायच्या घरी दाने नाहीत.''

दीपमालाला ते एकदम पटलं. नुसती तारीख-वेळ लिहिलेली मेल आता तिलाही उघडीबोडकी दिसायला लागली. आपल्याकडे पत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार' नसेल तर माणसं नाकं मुरडतात, आणि असेल तर घरटी दोन माणसं येतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरोखरच सहपरिवार कुणी आलं तर यजमानाचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण हे सगळ्यांना ठाऊक असतं ते आपल्याकडे. तिने इंग्रजीत मनापासून लिहिलं, की आपण सर्व कुटुंबीयांसह, वडीलधारी माणसं आणि मुलंबाळं घेऊन अगत्याने या, एकटे आलात तर आम्हाला वाईट वाटेल, राहण्याजेवणाची काळजी सर्वस्वी आमच्यावर सोडा.

कॅफेत मेल पाठवताना लिंक गेली. पुन्हा पाठवली, पुन्हा गेली. ''पोचली असेल का हो?'' तिने विचारलं.

''मी तिच्याबरोबर गेलो नव्हतो,'' बद्रीनाथ म्हणाला.

तिने तिसऱ्यांदा पाठवली. पुढे कळलं, की तिन्ही पोचल्या होत्या. पाहुण्यांनी तीन वेळा आलेलं ते आमंत्रण वाचलं आणि त्यांना वाटलं, बाई फारच मनापासून सांगतेय. वांजिरूने उलट विचारलं होतं, की तिच्या आईला मऊ भात चालतो, तो मिळेल ना? दीपमालाला वाटलं, बिचारी आपल्या आईविषयी गप्पा मारतेय. तिने 'जरूर मिळेल' असं कळवून टाकलं.

ठरल्या दिवशी संतोष सतरा जणांची गाडी घेऊन मुंबईच्या विमानतळावर गेला. सकाळी दीपमाला स्वारगेटच्या लॉजमध्ये खोल्यांत फुलं ठेवून घरी आली, तोच फोन वाजला. संतोष पनवेलच्या एसटीडी बूथवरून बोलत होता.

''दीपा, खोल्या किती घेतल्यास गं?''

''सात. का?''

''सातच?'' त्याने बाहेर वळून पुन्हा एकदा मोजलं. ''मी दुसरी गाडी केलीय. चौतीस माणसं आहेत.''

''कोण माणसं?''

''आपलीच. तूच बोलावलंयस म्हणतात. आर्मेनियाच्या आजींनी मेल छापून आणलीय. तिन्ही प्रती.''

दीपमालाने लॉजवर फोन लावला. मॅनेजर शांतपणे म्हणाला, ''मॅडम, सात म्हणजे सात. वर गच्ची आहे आणि गच्चीवर टाकी आहे. टाकीत झोपणार असतील तर झाकण उघडून ठेवतो.''

तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. सगळं संपलं, असं तिला स्पष्ट दिसत होतं. तीन तासांत इनेस गाडीतून उतरणार, रस्त्यावर उभी राहणार, आणि ज्यांना पाहुणे मोजता येत नाहीत त्यांच्याकडे जगाचं कार्यालय कशाला ठेवायचं, असं अगदी गोड आवाजात विचारणार. ''गेलं, आई,'' ती म्हणाली, ''गेलं लिस्बनला.''

मेलमधली ती ओळ ज्यांच्यामुळे गेली होती, त्या दुर्गाबाईंना कसलीच खंत नव्हती. ''कायले रडतं वं? चौतीसच तं हायेत. तुह्या लग्नात तुह्या गावचे दोनशे आलते. मी रडली का तवा?''

''ते लग्न होतं, आई! कार्यालय होतं!''

''मंग घे कार्यालय.''

दीपमालाने डोळे पुसले. पुण्याजवळच्या मांजरी गावात मच्छिंद्र घुल्यांचं मंगल कार्यालय होतं. पूर्वी तिथे त्यांचा ऊस होता, आता अर्ध्या जमिनीवर बिल्डरच्या इमारती आणि उरलेल्यात हे कार्यालय. घुल्यांची सून दीपमालाच्याच शाळेत शिकवायची, आणि त्यांच्या पत्नीची, तुळजाबाईंची अंगाई तर पाळणा मंडळातर्फे सात देशांत गेली होती. तिने फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

''अवो बाई, पौष हाय की!'' मच्छिंद्र खूश होऊन म्हणाले. ''पौषात कोन लगीन करतंय? समदं मोकळं पडलंय. गाद्या आजच उनात टाकल्यात. चौतीस काय, चारशे घिऊन या.''

''पण आबा, परदेशी माणसं आहेत. जमिनीवर गाद्या घालून...''

''का? परदेशात जमीन न्हाई व्हय?''

असं पाळणा मंडळाचं पहिलं जागतिक संमेलन मांजरीच्या तुळजाई मंगल कार्यालयात, ऐन पौषात सुरू झालं.

दोन गाड्या फाटकात शिरल्या आणि त्यांतून माणसं उतरायला लागली. दीपमालाला वाटलं, आता संपतील, मग संपतील. वांजिरू उतरली, तिच्या पाठीला बांधलेलं बाळ उतरलं, तिची आई, तिच्या दोन बहिणी. फिनलंडचा उंच प्राध्यापक, त्याची बायको आणि त्याचा त्याच्याहून उंच सासरा. सेनेगलचं जोडपं, त्यांची जुळी आणि सासूबाई. आर्मेनियाच्या आजींनी उतरल्या-उतरल्या दीपमालाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मेलचा कागद तिच्यापुढे नाचवला. जे आजवर नुसत्या आवाजाने ओळखीचे होते, ते इतके मोठे, इतके घामेजलेले आणि इतके भुकेले असतील, असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती सगळ्यांच्या गळ्यात पडत सुटली. भीती कुठे गेली ते तिला कळलं नाही.

सगळ्यात शेवटी हातात एकच छोटी बॅग घेऊन एक बारीकशी, पन्नाशीची बाई उतरली. ती इनेस होती आणि ती एकटी आली होती.

कार्यालयाचा आचारी भैरू. पौषात हाताला काम लागल्यामुळे तो हवेतच होता, पण त्याची एक अडचण होती. ''ताई, मुलाकडचे कोण आणि मुलीकडचे कोण?''

''अहो, लग्न नाहीये.''

''ते कळलं. पण पहिली पंगत कुणाची?''

याचं उत्तर मिळाल्याशिवाय भैरू पान वाढायला तयार नव्हता. इतक्या वर्षांत त्याने वरपक्ष आधी बसवल्याशिवाय वाढप केलं नव्हतं आणि आता म्हातारपणी तो नाव घालवणार नव्हता. शेवटी दीपमालाने सरळ वाटणी करून टाकली. वधूपक्षाची खोली मोठी होती, तिथे लेकुरवाळे सगळे. वरपक्षाच्या खोलीत गरम पाण्याचा गीझर होता, तिथे इनेस आणि फिनलंडवाले. झालं! त्या क्षणापासून कार्यालयातला प्रत्येक माणूस इनेसला वरमाय समजून वागायला लागला. चहा आधी तिला. ती खोलीबाहेर आली की दोघं उठून उभे. मच्छिंद्र तर तिच्यासमोर आले की टोपी सारखी करायचे. आपण मंडळाचं कार्यालय पळवायला आलो असताना ही माणसं आपल्याला एवढा मान का देताहेत, हे त्या बिचारीला काही केल्या समजत नव्हतं.

फाटकावरच्या फळीवर नेहमी वधूवरांची नावं असत. ती कोरी ठेवणं मच्छिंद्रांना अशुभ वाटलं, म्हणून तिथे झेंडूच्या पाकळ्यांनी 'पाळणा मंडळ' असं लिहिलं. ते वाचून गावातल्या बायका चौकशीला आल्या. पौषात लग्न, तेही डायरेक्ट पाळण्यापर्यंत? ''फारिनच्या लोकांना पौष नसतो,'' एकीने दुसरीला समजावलं, आणि दोघी आत येऊन जिलबी खाऊन गेल्या.

दीपमालाने आखलेला कार्यक्रम पहिल्याच दिवशी कोलमडला. तिने सकाळी निबंधवाचन ठेवलं होतं, दुपारी चर्चा. पण पोरांची झोप आपापल्या देशाच्या घड्याळावर चालली होती. सकाळी प्राध्यापकाने निबंध उघडला की एक जुळं भोकाड पसरायचं, त्याला बघून दुसरं, त्यांना ऐकून वांजिरूचं. मग जी ती उठायची आणि आपलं पोर घेऊन येरझाऱ्या घालत गायला लागायची. बोहल्यापाशी मेक्सिको, पाण्याच्या पिंपापाशी इंडोनेशिया, चपलांच्या ढिगापाशी सेनेगल. शहाण्या माणसाला वेड लागावं असा तो गलका होता. प्राध्यापकाने निबंध खिशात घातला आणि सासऱ्याला पुढे केलं. त्या ताडमाड म्हाताऱ्याने इतक्या हळू आवाजात अंगाई म्हटली, की भैरू हातात झारा घेऊन दारात उभा राहिला आणि जिलब्या करपल्या.

दुसऱ्या दुपारी तुळजाबाईंनी वांजिरूचं बाळ खांद्यावर घेतलं. त्यांची अंगाई अशी होती, की उसाच्या फडात एक पोपट येतो, बाळ त्याला ऊस सोलून देतं आणि पोपट त्याच्या डोळ्यांवर झोप ठेवून जातो. दीपमालाने या अंगाईच्या किती प्रती काढल्या असतील त्याला गणती नव्हती. तिला शेजारी बसून बरोबर म्हणावंसं वाटलं. पहिलं कडवं तिने म्हटलं. दुसऱ्याला ती अडकली. तिला ते येतच नव्हतं. कॅसेटचं बटण दाबायचं, कुणी शिंकत नाही ना बघायचं, लेबल लावायचं, पाकीट चिकटवायचं. ऐकायचं राहूनच गेलं होतं. शेवटची नवी अंगाई आपण कधी शिकलो, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि तिला ते आठवेना. तिला फार वाईट वाटलं. बाळ मात्र तुळजाबाईंच्या पदरावर लाळ गाळत झोपून गेलं होतं.

संध्याकाळी अंगणात ऊन खाल्लेल्या गाद्यांच्या ढिगावर इनेस एकटीच बसली होती. आत पोरांचा दंगा चालला होता, त्यात शेफालीचा आवाज सगळ्यांत वर. दीपमाला चहा घेऊन तिच्याजवळ गेली. खरं तर ती जाणार नव्हती, पण वरमायला चहा मुलीच्या आईनेच द्यायचा असतो, असं भैरूने बजावून तिच्या हातात कपबशी दिली होती.

''तू कुणाला नाही आणलंस?'' तिने विचारलं.

इनेसने चहाचा घोट घेतला. ''कुणाला आणू? आई होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तुझी मेल तीनदा आली, दीपा. सगळ्यांना घेऊन ये, सगळ्यांना घेऊन ये. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी ठरवलं होतं, की जायचंच नाही.''

''मग आलीस का?''

''कार्यालय मागायला.'' तिला हसू आलं, पण ते धड टिकलं नाही. ''कार्यालय आलं की माणसं येतील. टपाल येईल. कुणीतरी दार वाजवेल. माझ्याकडे आता कुणी दार वाजवत नाही.''

शत्रू असा आपल्याच गादीवर बसून डोळे पुसायला लागला, की फार पंचाईत होते. दीपमालाने गेले दोन महिने या बाईशी मनातल्या मनात काय-काय भांडणं केली होती! त्यांतलं एकही आता उपयोगाचं राहिलं नाही. दार वाजवणाऱ्यांचा तिला स्वतःला किती कंटाळा होता हे आठवून ती ओशाळली. इनेसचा चहा संपेपर्यंत नुसती शेजारी बसली.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मतदान होतं. उमेदवारांनी समोर बसावं म्हणून मच्छिंद्रांनी बोहल्यावरच्या नवरा-नवरीच्या दोन सिंहासनवजा खुर्च्या पुसून ठेवल्या. एकीवर दीपमाला बसली, दुसरीवर इनेस. अध्यक्ष मच्छिंद्र, कारण ते दोन वेळा सरपंच झाले होते आणि त्यांचा सगळ्या पाहुण्यांशी सारखाच अपरिचय होता. संतोष दुभाषा होता. प्रत्येक देशाला एक मत.

''पुन्यासाठी हात वर करा,'' मच्छिंद्र म्हणाले.

केनिया, सेनेगल, इंडोनेशिया. तीन हात. मग दीपमालाच्या शेजारच्या खुर्चीतला हात वर गेला. इनेसचा.

सभागृहात कुजबुज झाली. दीपमालाने तिच्याकडे पाहिलं. इनेस सरळ समोर बघत होती. तिला काही विचारायची सोय नव्हती, आणि गरजही नव्हती. तीन दिवस तिने इथे जे पाहिलं होतं ते तिला मोडायचं नव्हतं.

''लिस्बनसाठी.''

फिनलंड, मेक्सिको, आर्मेनिया. पुन्हा तीन हात. चार विरुद्ध तीन झालं होतं. आता दीपमालाला काहीच करायचं नव्हतं. नुसतं मांडीवर हात ठेवून बसलं, की पाळणा मंडळ तिचं होतं. कायमचं, हक्काने, सगळ्यांसमोर. संतोष तिच्याकडे बघून हसायलाही लागला होता.

तिने हात वर केला.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग वांजिरूची आई खदखदून हसायला लागली, तिच्यामागून वांजिरू, आणि बघता-बघता सगळं कार्यालय हसायला लागलं. पोरांना वाटलं हा खेळ आहे, त्यांनी दोन्ही हात वर केले. इनेस दीपमालाकडे वळून रागाने म्हणाली, ''हे काय केलंस?'' आणि दीपमालाही तितक्याच रागाने म्हणाली, ''तू काय केलंस?''

''बराबर झालं की,'' मच्छिंद्र कपाळ पुसत म्हणाले. ''आमच्या ग्रामपंचायतीत असं झालं म्हंजी चिठ्ठी काडत्यात.''

''चिठ्ठी कायले?'' मागून दुर्गाबाईंचा आवाज आला. त्या उठून उभ्या राहिल्या. ''पहिलं बाळंतपन माहेरी झालं. पाच वर्सं आपन केलं, लाडानं केलं. आता लेक आपल्या घरी जाईन. अन् माहेर काय कुठं उठून जाते का? वर्साकाठी येईन चार रोज. पौषात येईन, कार्यालय मोकळं असते.''

संतोषला हे इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला, कारण माहेर म्हणजे काय तेच आधी सांगावं लागलं. सेनेगलच्या बाईला ते चटकन कळलं, तिने आपल्या सासूबाईंना सांगितलं, वांजिरूने आईला. आर्मेनियाच्या आजी तर ऐकता-ऐकता रडायलाच लागल्या. प्राध्यापक टिपण लिहीत होता. त्याने गंभीरपणे विचारलं, की मग घटनेत नेमकं काय लिहायचं? पुष्कळ चर्चा होऊन शेवटी एकमताने ठरलं. कार्यालय, लिस्बन. आणि त्याखालच्या ओळीत, रोमन लिपीत पण मराठीतच, माहेर, पुणे.

दीपमाला आनंदाने टाळ्या वाजवत होती आणि मनात घरून जाणारी कॅसेटची खोकी मोजत होती.

निघायच्या दिवशी तिने घरून आणलेली कॅसेटची खोकी दोरीने बांधली. प्रत्येक खोक्यावर कोणत्या देशाचं काय ते लिहिलं. मग पुन्हा सोडली, कारण ओल लागू नये म्हणून आत डांबरगोळ्या टाकायच्या राहिल्या होत्या. पुन्हा बांधली. इनेसच्या हातात शेवटचं खोकं देताना तिचा हात काही सुटेना. गाड्यांच्या भोवती सगळ्यांनीच रडायला सुरुवात केली होती. तुळजाबाई वांजिरूच्या बाळाची दृष्ट काढत होत्या. दुर्गाबाईंनी इनेसच्या हातात नारळ दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाल्या, ''रडू नको. जवळच तं देली.''

भैरू झारा घेऊन हे सगळं बघत होता. गाड्या निघून गेल्यावर तो दीपमालापाशी आला. ''ताई, सगळं झालं, पण मला एक सांगा. त्यात नवरी कोण होती?''

दीपमाला डोळे पुसत होती. ती हसतही होती.

चार दिवसांनी दुपारी बिबवेवाडीच्या घरात फोन वाजला. तोवर घर फार मोठं आणि फार शांत वाटायला लागलं होतं. एकाही टेपरेकॉर्डरचं तोंड दुसऱ्याकडे नव्हतं, आणि संतोषने सकाळी खुशाल तीन वेळा शिंकून घेतलं होतं. फोन लिस्बनहून येणार हे तिला माहीत होतं आणि काय सांगायचं ते तिने मनात घोकून ठेवलं होतं. इंडोनेशियाच्या कॅसेट जुन्या आहेत, त्या भराभर मागे फिरवायच्या नाहीत. वांजिरूच्या पत्राला आठवड्याच्या आत उत्तर द्यायचं, नाहीतर ती काळजी करते. मेक्सिकोच्या पाकिटाला दोन तिकिटं जास्त.

''पोचले मी,'' इनेस म्हणाली. ''खोकी नीट आहेत. मांडून ठेवली.'' आणि ती थांबली. तारेवरून त्या दोन खोल्यांतली शांतता ऐकू येत होती.

दीपमालाने तोंड उघडलं. घोकलेल्यातलं एक अक्षर तिला आठवेना.

''जेवलीस का?'' तिने विचारलं.

मग इनेस सांगायला लागली. घरी आल्यावर पहिल्यांदा भात लावला होता, तो थोडा कच्चा राहिला होता, पण तिने दोनदा घेतला होता.